चार पाऊणे तीन

"गुर्जी, आपल्या चांदूर बाजारपासून समुद्र किती लांब हाय?" असं एका पोराने मला वर्गात विचारलं होतं. मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, प्रमाण पाहिलं आणि सांगितलं की मुंबईचा धरला तर सरळ रेषेत साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर. त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता. "तुमी पायला का?" मी म्हटलं, नाही. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. आणि त्याच तासाला पुढे भरती-ओहोटीचा धडा शिकवला. फळ्यावर पृथ्वी, तिच्या दोन बाजूंना फुगलेलं पाणी, आणि एका कोपऱ्यात चंद्र. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, हे वाक्य मी नोकरीच्या चौतीस वर्षांत किती वेळा लिहून दिलं असेल देव जाणे.

आमच्या वऱ्हाडात खारं पाणी म्हणजे पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून तो जातो. लहानपणी दर्यापूरकडे मावशीकडे गेलो की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. इथे कधीकाळी समुद्र होता म्हणून पाणी खारं, असं मावशीची सासू सांगायची. मला तेवढाच समुद्र माहीत.

खरा समुद्र पाहिला तो निवृत्त झाल्यावर, २००९ च्या डिसेंबरात. मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, बाबा, चला, तुम्हाला कोकण दाखवतो. मी, आमची सौ., मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात असे ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचलो.

हरिहरेश्वर म्हणजे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचं दक्षिण टोक. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. गावाला दक्षिण काशी म्हणतात. पेशव्यांचं, म्हणजे शेजारच्या श्रीवर्धनच्या भटांचं, हे कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला असं सांगतात. दर्शनाचा क्रमही ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि पुन्हा काळभैरव. त्यानंतर प्रदक्षिणा. आणि ही प्रदक्षिणा देवळाभोवती नाही बरं का! देवळामागच्या डोंगरालाच वळसा घालायचा. आधी पायऱ्या चढायच्या, मग दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरायच्या, की तुम्ही थेट समुद्राच्या काठावरच्या खडकात. तिथून उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला समुद्र ठेवून खडकाखडकाने चालत पुन्हा देवळापाशी यायचं. ही वाट ओहोटीला उघडते आणि भरतीला बुडते.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आम्ही दोघे उपवासाला. सकाळी दर्शन घेऊन नऊच्या सुमारास पायऱ्या उतरलो तेव्हा पश्चिमेला समुद्रावर फिकट, कुरतडल्यासारखा चंद्र टेकायला आला होता. मी नातीला तो दाखवलासुद्धा. पाणी पार खाली गेलेलं होतं.

त्या खडकांचं वर्णन कसं करावं? दगड ओळखीचा. आपल्या गाविलगडाच्या डोंगरात आहे तोच काळा फत्तर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. चिखलदऱ्याला जो पाहतो तोच इथे समुद्रात पाय सोडून बसलेला. पण रूप किती वेगळं! खारं पाणी दगडाच्या छिद्रात शिरतं, उन्हाने वाळतं, मिठाचे कण फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. असं हजारो वर्षं चालून कड्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. आणि खाली सपाट खडकात खळगे. बशीएवढे, घंगाळाएवढे, काही तर आपल्या हौदाएवढे. ओहोटीला समुद्र मागे गेला की त्यांत पाणी राहतं. या वाटेवरच्या जागांना लोकांनी नावं दिली आहेत. गायत्रीतीर्थ, पांडवतीर्थ, विष्णुपद. वामनाने बळीच्या डोक्यावर ठेवलेलं तिसरं पाऊल ते इथलंच, असं इथलं माहात्म्य सांगतं. पांडवांनी इथे पिंडदान केलं अशीही कथा आहे. गणेशगल्ली नावाच्या चिरेत पाणी उतरलं की गणपती दिसतो म्हणतात. अगस्ती ऋषी शांतीच्या शोधात फिरत इथे आले, ही आणखी एक.

अगस्तींचं नाव ऐकून आमची सौ. लगेच म्हणाली, "म्हणजे आपला जावई!" खरंच आहे ते. महाभारताच्या वनपर्वात अगस्तींची बायको लोपामुद्रा ही विदर्भाच्या राजाकडे वाढलेली. आणि त्याच वनपर्वात पुढे कालेय दैत्य समुद्रात लपले म्हणून अगस्ती सगळा समुद्र पिऊन टाकतात, तीही कथा आहे. पाणी गेलं आणि तळातलं सगळं उघडं पडलं. लहानपणी मला ती निव्वळ गप्प वाटायची. त्या सकाळी त्या खडकावर उभं राहून वाटलं की ज्याने कुणी ती पहिल्यांदा सांगितली त्याने ओहोटी नक्की पाहिली असणार.

एका हौदाएवढ्या खळग्यापाशी नात जी बसली ती उठेना. मग मीही धोतर खोचून बसलो.

आधी नुसतं स्वच्छ पाणी दिसलं. दोन मिनिटं स्थिर बसल्यावर एकेक हलायला लागलं. एक गोगलगाईएवढा शंख चालत होता, पण गोगलगाईच्या मानाने फार भराभर. उचलून पाहिला तर आतून खेकड्याचे पाय! स्वतःचं मागचं अंग मऊ, म्हणून हा खेकडा मेलेल्या गोगलगाईच्या शंखात बिऱ्हाड करतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधून घर बदलतो. बिनभाड्याचं घर, पण बदल्या आमच्या शिक्षकांसारख्याच. कपारीत एक हिरवट-तपकिरी फूल उमललेलं होतं. नातीने बोट लावलं, तसं ते गपकन मिटलं आणि नुसता मांसाचा गोळा राहिला. समुद्रफूल म्हणतात त्याला, पण फूल नव्हे, प्राणी. त्याच्या पाकळ्यांत सूक्ष्म नांग्या असतात, मासोळी लागली की बधिर करून तोंडात ढकलतो. तळाशी वाळूच्या रंगाचे बोटभर मासे होते. सावली पडली की तीरासारखे कपारीत.

खडकाला पांढऱ्या चुन्याच्या टोप्या चिकटलेल्या होत्या, पायाला खरखरीत लागणाऱ्या. मला ते दगडाचे फोड वाटले. मुलाने सांगितलं, ते बार्नॅकल, खेकडा-कोळंबीच्या कुळातले. लहानपणी पाण्यात पोहत हिंडतात आणि मग एकदा डोकं खडकाला चिकटवलं की जन्मभर तिथेच. वर पाणी आलं की टोपीचं दार उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतात आणि अन्न ओढून घेतात. पाणी गेलं की दार बंद. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एका प्राण्यावर घालवली होती, हे मी नंतर वाचलं. उत्क्रांतीचं पुस्तक त्यानंतरचं, १८५९ चं.

थोडं वरच्या अंगाला एक बशीएवढा खळगा होता. त्यातलं पाणी कोमट, कडेने मिठाची पांढरी रेघ, आणि दोन-चार काळ्या शंखांखेरीज काही नाही. खाली पाण्याच्या अगदी जवळच्या खळग्यात मात्र शेवाळ, शिंपले, खेकडे यांची जत्रा. असं का, हे तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. वरच्या खळग्याला समुद्र थोडाच वेळ भेटतो. बाकीचा वेळ उन्हाने पाणी तापतं, आटतं, जास्त खारट होतं. पावसाळ्यात उलट, एका सरीत गोडं होतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो वापरून टाकतं. हे सगळं जो सोसेल तो वर राहतो. सोसत नाही तो खाली, आणि खाली गर्दी, म्हणून मारामारी. प्रत्येकाची पायरी ठरलेली. आणि एवढा सगळा गाव समुद्र दिवसातून दोनदा येऊन भेटण्यावर जगतो.

हे सगळं मी नातीला समजावत होतो. मास्तर तो मास्तरच. मुलगा आणि सून फोटो काढत पुढे गेले होते. सौ. एका खडकावर बसून "चला आता, किती वेळ झाला" असं दोनदा म्हणाली. माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात गेलं नाही.

तेवढ्यात वरून हाक आली. "ओ बाबा! पोरीला घ्या नि वर या पयले!"

एक सत्तरीची बाई कड्याच्या पायथ्याशी उभी होती. कमरेला टोपली, हातात छोटी कोयती. सकाळपासून खडकावरची कालवं फोडत होती. मी म्हटलं, "का हो आजी, काय झालं?" तिने हातानेच आमच्या मागे दाखवलं. आम्ही ज्या सपाट खडकावरून आलो होतो तिथे पांढरा फेस पसरत होता आणि मधल्या घळीत पाणी आत-बाहेर करत होतं. मी नातीला काखेत मारलं आणि सौ.चा हात धरला. घळ ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर आलं. ते वर येतं तेव्हा काही वाटत नाही हो, परत जाताना जे पाय ओढतं ते भयंकर. शेवाळावर माझा पाय सरकला. त्या म्हातारीने टोपली टाकून खाली येऊन नातीचा दंड धरला नसता तर पुढचं लिहायला मी राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही. चप्पल, पंचा आणि माझा चष्मा समुद्राने घेतला. टोपलीतली तिची अर्धी कालवंही गेली.

वर पायऱ्यांवर बसल्यावर आमची सौ. कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षं पोराइले शिकवलं ना तुम्ही भरती-ओहोटी?"

मी म्हातारीला विचारलं, तुला कसं कळलं पाणी केव्हा येणार ते? तिला प्रश्नच समजला नाही. सूर्य केव्हा मावळणार असं कुणी विचारावं तसं तिने पाहिलं. म्हणाली, "आज चवथ नाय का? चार पाऊणे तीन. तीनला भरती. नवाला पानी फिरलं, आता चढनारच."

मी गप्प झालो. चार पाऊणे तीन!

मंडळी, तुमच्यापैकी साठीच्या पुढचे असतील त्यांना पाऊणकी आठवत असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे पाढे. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. मी १९५६ साली पहिलीत गेलो. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. मग शेर गेले, किलो आले. पण आमचे जुने गुरुजी हटले नाहीत. त्यांनी छडीच्या जोरावर आमच्याकडून पाऊणकी घोकून घेतलीच. मी शिक्षक झालो तेव्हा पहिल्याच वर्षी शाळेचं कपाट साफ केलं आणि त्यातल्या जुन्या उजळण्यांचा गठ्ठा रद्दीत घातला. एका पोराच्या आजोबाने येऊन विचारलं होतं, "गुर्जी, पावकी-निमकी नाही का शिकवत?" मी हसून म्हटलं होतं, "आजोबा, आता त्याचा काय उपयोग?" त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. बिचारा काही न बोलता गेला.

आणि इथे ही शाळेचं तोंड न पाहिलेली बाई पाऊणकीवर समुद्राला हिशेबात धरत होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. कोकणच्या किनाऱ्यावर ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. मला तिथी ठाऊक होती, उपवासच होता. पाढा पाठ होता. १२ तास २५ मिनिटं तर माझ्याइतकी कुणाला पाठ नसतील. मावळतीचा चंद्रही मीच बोटाने दाखवला होता. तो क्षितिजाला टेकला की त्या किनाऱ्यावर ओहोटी सरत आलेली असते. या चारही गोष्टी डोक्यात चार वेगवेगळ्या कप्प्यांत पडून होत्या.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. एका चांद्रमासात तीस तिथ्या, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचा चोवीस तासांचा पूर्ण फेरा करते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची चूक, फक्त! ती साठत साठत पौर्णिमेला पाऊण तासाची होते. पाऊणकीने पंधराचं उत्तर सव्वाअकरा येतं, यायला हवं बारा. शिवाय ४८ मिनिटं ही झाली सरासरी. उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडी कमी पुढे सरकते आणि भांगाच्या दिवसांत जास्त. पण खडकावर कालवं काढायला जाणाऱ्या बाईला एवढ्याशा फरकाचं काय? ती पाणी फिरलं की निघतेच.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात साधारण एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. म्हणजे ओहोटीनंतर पहिला तास माणूस निर्धास्त होतो, समुद्र झोपलाय असं वाटतं, आणि तेवढ्यात तो धावायला लागतो. आम्ही नेमके त्या घटकेला खळग्यात डोकं घालून बसलो होतो.

फसणारे आम्हीच पहिले नव्हतो, एवढं मात्र नंतरच्या वाचनाने समाधान झालं. इ. स. पूर्व ३२५ मध्ये शिकंदराचं आरमार सिंधूच्या मुखाशी आलं तेव्हा ओहोटीने त्याची जहाजं कोरडी पडली आणि पुढच्या भरतीने एकमेकांवर आपटली. त्याचं सैन्य भूमध्य समुद्राकाठचं, तिथे भरती-ओहोटी नावालाच, त्यामुळे माणसं हबकून गेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकातही भडोचच्या खाडीत पाणी कसं गर्जत येतं आणि परक्या जहाजांची कशी दैना होते त्याचं वर्णन आहे. तिथे स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे येत आणि जहाजांना वाट दाखवत. म्हणजे पाण्याचं गणित जाणणारी माणसं दोन हजार वर्षांपूर्वीही काठावर होतीच. इंग्रजांनी मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची मापं नोंदायला सुरुवात केली. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी भरतीचं भाकीत काढणारं दातेरी चाकांचं यंत्र १८७९ मध्ये इंग्लंडात तयार झालं. त्याचे तक्ते छापले जाऊ लागले, आता ते फोनवर दिसतात. तक्ता मिनिटाचा हिशेब देतो, पाऊणकी तासाचा. पण पाऊणकीला चष्मा लागत नाही, आणि माझा तर समुद्रात गेला होता.

असो. सांगायचं होतं ते त्या खळग्यांच्या नावांविषयी. मी आयुष्यभर अशा कथांना पोरांसमोर 'दंतकथा' म्हणून बाजूला सारत आलो. आता वाटतं, ज्या जागी पाणी येतं-जातं तिथेच नेमकी तीर्थं का? तीर्थ म्हटलं की माणूस वेळ विचारून जातो, कुणाला तरी सोबत घेऊन जातो, जोडे काढतो, पाय जपून ठेवतो. नुसताच खडक म्हटला की आमच्यासारखा धोतर खोचून बसतो. हा माझा तर्क झाला, त्याला कसलाही पुरावा नाही. वामनाचं पाऊल तिथे पडलं की नाही ते मला सांगता येणार नाही. त्या वाटेवरून पर्यटक वाहून गेल्याच्या बातम्या मात्र त्यानंतरही वाचल्या आहेत आणि प्रत्येक वेळी पेपर खाली ठेवावा लागला आहे.

त्या आजींना मी शंभराची नोट देऊ लागलो तर घेईनात. शेवटी सौ.ने आपल्या ओटीतला नारळ दिला, तो घेतला. जाताना म्हणाल्या, "उद्या येनार असाल तर पाचमी हाय." आणि टोपली उचलून निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे थकून झोपले. नात माझ्या मांडीवर जागी होती. म्हणाली, "आबा, त्या आजी काय म्हणत होत्या? चार पाऊणे काय?" मग ताम्हिणी घाट चढता चढता मी तिला पाऊणकी शिकवली. पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे साडेचार, सात पाऊणे सव्वापाच. नऊला माझीच गाडी अडली, बोटं मोजावी लागली. मुलगा आरशातून बघून हसत होता.

गेल्या वर्षी ती नोकरीसाठी मुंबईला गेली. आता बावीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात रात्री फोन आला. उद्या मैत्रिणींबरोबर अलिबागला चाललोय, ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं म्हणतात. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आबा, फोनवर बघितलंय मी, पण तरी सांगा ना, उद्या तिथी कोणती?"

मी उठून भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. दशमी होती. दोघांनी मिळून म्हटलं, दहा पाऊणे साडेसात.

"म्हणजे ओहोटी दीडला," ती म्हणाली. "तीनच्या आत परत येते."

मी म्हटलं, अडीचच्या आत ये.